शीतपेयांची बोलीनामे : वेलचेरी (चेन्नई)

शीतपेयांची बोलीनामे : कार्बन डायऑक्साइड वायू दाबाखाली पाण्यात विरघळवून, त्यात साखर, स्वाद व रंग मिसळून बाटलीत भरलेल्या मद्यविरहित पेयाला ग्रांथिक मराठीत ‘शीतपेय’ आणि तमिळमध्ये ‘कुळिर्पानम्’ म्हणतात, परंतु हे दोन्ही शब्द मुख्यतः वृत्तपत्रांत व पाठ्यपुस्तकांत राहिले असून दुकानापाशी उच्चारला जाणारा शब्द प्रांतागणिक वेगळा असतो. दक्षिण चेन्नईतील वेलचेरी (तमिळ उच्चार ‘वेळच्चेरी’) या फरकाच्या निरीक्षणाला विशेष सोयीचे आहे. दंडीश्वर मंदिर आणि तलाव यांच्या आसमंतातील हे जुने गाव तरमणी व जुना महाबलीपुरम रस्ता येथील संगणक उद्योगामुळे, तसेच 2007 मध्ये येथवर पोहोचलेल्या उन्नत रेल्वेमुळे दाट उपनगर बनले, आणि निरनिराळ्या भाषा बोलणारे ग्राहक एकाच ‘पेट्टिक्कडै’पुढे, म्हणजे टपरीपुढे, येऊ लागले.

येथील रूढ शब्द ‘कूल ड्रिंक्स’ हा आहे. तेलुगू व कन्नड बोलण्यातही तोच चालतो आणि केरळात अशी पेये विकणाऱ्या दुकानाला ‘कूल बार’ म्हणतात. उलट महाराष्ट्रात ‘कोल्ड ड्रिंक’चे ‘कोल्ड्रिंक’ झाले व ‘कोल्ड्रिंक हाऊस’ ही पाटी गावोगावी लागली. दोन्ही शब्द इंग्रजीतूनच आले असले तरी दक्षिणेने ‘कूल’ आणि पश्चिमेने ‘कोल्ड’ उचलावा, ही विभागणी भारतीय भाषांच्या नकाशावर रेषा ओढता येईल इतकी ठळक आहे. दक्षिण आफ्रिकेच्या इंग्रजीतही ‘कूल ड्रिंक’ हाच नेहमीचा शब्द आहे. अमेरिकेत ईशान्येकडे ‘सोडा’, मध्य-पश्चिमेत ‘पॉप’ आणि दक्षिणेकडील राज्यांत कोणत्याही पेयाला सरसकट ‘कोक’ म्हणण्याची पद्धत आहे. तमिळ बोलीने ‘ड्रिंक्स’मधील अनेकवचनी ‘स’ शब्दाचाच भाग मानला, त्यामुळे एक बाटली हवी असतानाही ‘ओरु कूल ड्रिंक्स’ (ओरु म्हणजे एक) असेच मागितले जाते, तर मराठीत ‘एक कोल्ड्रिंक’ म्हणताना हा ‘स’ बहुधा गळतो. पाहुण्याला विचारताना मराठी घरात पेयाचे नावही लागत नाही, ‘चहा घेणार की थंड?’ एवढे विशेषण पुरते. 

‘सोडा’ हा शब्द दोन्हीकडे असला तरी त्याला जोडलेली विशेषणे वेगळी आहेत, आणि या नोंदीच्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची होत. इंग्रज अभियंता हायरम कॉड याने 1872 मध्ये पेटंट घेतलेल्या बाटलीच्या गळ्यात काचेची एक गोटी असते. आतील वायूच्या दाबाने ती वरच्या रबरी कड्यावर घट्ट बसून बाटली बंद ठेवते आणि अंगठ्याने किंवा लाकडी दट्ट्याने खाली दाबली की वायू सुटून बाटली उघडते. महाराष्ट्रात या बाटलीतला तो ‘गोटी सोडा’ आणि चेन्नईत ‘गोली सोडा’. दोन्ही ठिकाणी मुलांच्या खेळातील गोटीचेच नाव बाटलीला मिळाले आहे. तमिळ लिपीत ‘क’ व ‘ग’ यांना एकच अक्षर असल्याने पाटीवर ‘कोली’ असे लिहिलेले दिसते, पण उच्चार ‘गोली’ असाच होतो. मराठी माणसाची खरी गफलत ‘पन्नीर सोडा’ या नावापाशी होते, कारण तमिळमध्ये ‘पन्नीर’ म्हणजे गुलाबपाणी, आणि गुलाबाच्या वासाच्या या गोड सोड्याचा दुधाच्या पनीराशी काहीही संबंध नाही.

याहून जुना आणि आता मागे पडत चाललेला तमिळ शब्द म्हणजे ‘कलर’. साध्या, बिनरंगी सोड्याहून निराळे म्हणून तांबड्या, नारिंगी किंवा काळसर गोड पेयांना हे नाव मिळाले, आणि तमिळ खेड्यांत आलेल्या पाहुण्यासाठी ‘कलर’ मागवणे हा आदरातिथ्याचा भाग होता. मुंबई-पुण्याने मात्र रंगापेक्षा स्वादावरून नावे ठेवली. मुंबईचे पालनजी (1865) व ड्यूक्स (1889) आणि पुण्याचे आर्देशीर (1884) या पारशी उत्पादकांमुळे इराणी उपाहारगृहांत ‘रास्पबेरी’, ‘जिंजर’, ‘लेमन’ अशी स्वादांची नावेच पेयांची नावे म्हणून रुळली. विरुधुनगर येथे 1916 मध्ये पळनियप्पा नाडार यांनी सुरू केलेल्या काळीमार्क या कंपनीचे ‘बोवोंटो’ हे द्राक्षाच्या स्वादाचे काळसर पेय तमिळनाडूत घरोघरी ठाऊक आहे, परंतु महाराष्ट्रात त्याचे नाव फारसे कोणाला माहीत नाही. अशा पेयांची बोलीनामे ती बनवणाऱ्या लहान कारखान्यांबरोबर नाहीशी होतात, म्हणून मराठी व तमिळ दोन्ही शब्दकोशांनी ती वेळीच टिपून ठेवायला हवीत.

वायुरहित पेयांत शब्द समान असूनही वस्तू बदलते. मराठीत ‘सरबत’ म्हटले की प्रथम लिंबाचे सरबत डोळ्यांपुढे येते आणि कोकणात कोकमाचे. वेलचेरीत ‘सर्बत’ मागितल्यास बहुतेक वेळा ‘नन्नारी’चा, म्हणजे मराठीत अनंतमूळ किंवा उपळसरी म्हणतात त्या वनस्पतीच्या मुळांचा, तपकिरी पाक पाण्यात वा सोड्यात लिंबू पिळून दिला जातो. साधे लिंबूसरबत हवे असेल तर ‘लेमन जूस’ म्हणावे लागते, कारण येथे ‘जूस’मध्ये पाणी व साखर घातलेले पेयही येते. उसाच्या रसालाही ‘करुंबु जूस’ म्हणतात. महाराष्ट्रातील ‘रसवंती’सारखा स्वतंत्र शब्द त्याच्या दुकानाला नाही. रामनवमीला वाटल्या जाणाऱ्या ‘पानकम्’मध्ये गूळ, सुंठ व वेलदोडा असतो, तर चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाच्या पन्ह्यात कैरी असते. पानकम्‌बरोबर दिला जाणारा ‘नीर मोर’ म्हणजे पातळ ताक होय.

कंपन्यांची नावे सामान्यनामे होण्याची प्रवृत्तीही सर्वत्र सारखी नाही. 1977 मध्ये कोका-कोलाने भारत सोडल्यानंतर 1993 मध्ये ती परत येईपर्यंत पार्लेची थम्स अप, लिम्का व गोल्ड स्पॉट ही नावे देशभर तोंडी बसली. महाराष्ट्रात ‘पेप्सी’ हा शब्द प्लॅस्टिकच्या अरुंद पिशवीत गोठवलेल्या रंगीत, गोड बर्फालाही लागला, तर केरळात त्याच वस्तूला ‘सिप-अप’ म्हणतात. वेलचेरीतील 2013 मध्ये सुरू झालेल्या फिनिक्स मॉलमध्ये फलकावरील इंग्रजी नावानेच पेय मागितले जात असल्याने बोलीभेद जवळजवळ ऐकू येत नाही. तो टपरीवर टिकून आहे. जल्लीकट्टू या बैलांच्या खेळावरील बंदीविरुद्धच्या आंदोलनानंतर तमिळनाडूतील व्यापारी संघटनांनी भूजलाच्या उपशाचे कारण देऊन 1 मार्च 2017 पासून कोक व पेप्सी न विकण्याचा निर्णय घेतला, तेव्हा अशाच छोट्या दुकानांतून बोवोंटो, गोली सोडा आणि पन्नीर सोडा यांना नव्याने मागणी आली.