सार्क आणि भारत

दक्षिण आशियाई प्रादेशिक सहकार्य संघटना (सार्क) ८ डिसेंबर १९८५ रोजी ढाक्यात स्थापन झाली. भारत, पाकिस्तान, बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका व मालदीव हे संस्थापक सदस्य. अफगाणिस्तान २००७ मध्ये सामील झाला. सचिवालय काठमांडूला आहे. सदस्यांची सुमारे तीन-चतुर्थांश लोकसंख्या एकट्या भारतात आहे आणि अर्थव्यवस्थेतला वाटा त्याहूनही मोठा. पण भारताची भूमिका समजायची तर आकड्यांआधी नकाशा पाहावा. नेपाळ, भूतान आणि बांगलादेश यांच्या सीमा भारताला भिडतात, एकमेकांना भिडत नाहीत. नेपाळ व बांगलादेश यांच्यामध्ये सिलिगुडीजवळची भारताची चिंचोळी पट्टी आहे. नेपाळचा ट्रक असो की वीज, ढाक्याला जायचे तर भारताची परवानगी हवी. त्यामुळे दिल्लीला पुढारीपण हवे असो वा नसो, शेजाऱ्यांची ये-जा तिच्याच अंगणातून होते. आणि या प्रदेशातले सहकार्य जेव्हा जेव्हा पुढे सरकले, तेव्हा बहुधा भारताने परतफेडीची अट न घालता वाट मोकळी केली होती.

संघटनेची घडण मात्र उलट वृत्तीतून झाली. बांगलादेशाचे अध्यक्ष झिया-उर-रहमान यांनी १९८० मध्ये ही कल्पना मांडली, तेव्हा लहान शेजारी एकजूट करून आपल्याला कोंडीत पकडतील अशी शंका दिल्लीला आली. भारतीय मालाला बाजारपेठ मोकळी करून देण्याचा हा डाव असावा, असे इस्लामाबादला वाटले. सर्व निर्णय एकमताने व्हावेत आणि द्विपक्षीय वाद चर्चेला येऊ नयेत, या दोन अटी सनदेत आल्या. त्यांचा आग्रह मुख्यतः भारताचा होता. काश्मीर, फराक्क्याचे पाणी हे विषय त्यामुळे बाहेर राहिले. परंतु एकमताची अट ज्याला नको म्हणायचे आहे त्याच्याच कामी येते. २०१४ च्या काठमांडू परिषदेत रस्ते व रेल्वे वाहतुकीचे करार पाकिस्तानने अडवले, तेव्हा भारताला आपल्याच अटीपुढे थांबावे लागले. वीज सहकार्याचा करार तेवढा झाला. उरीच्या हल्ल्यानंतर २०१६ ची इस्लामाबाद परिषद रद्द झाली. त्यानंतर शिखर परिषद झालेली नाही.

सारा दोष पाकिस्तानचा, हा यावरचा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्य आहे. भारताने १९९६ मध्ये पाकिस्तानला सर्वाधिक अनुकूल राष्ट्राचा दर्जा दिला. २०१९ मध्ये पुलवामाच्या हल्ल्यानंतर तो काढून घेईपर्यंत तिकडून तसा दर्जा मिळाला नाही. पण पाकिस्तान वगळला की गाडी धावू लागते, असेही दिसत नाही. बंगालच्या उपसागराभोवतीची बिमस्टेक संघटना १९९७ पासून आहे, पाकिस्तान तिच्यात नाही. तरी मुक्त व्यापाराचा जो आराखडा तिने २००४ मध्ये केला, त्याचा करार अजून पूर्ण झालेला नाही. सार्कचा मुक्त व्यापार करार २००६ पासून लागू आहे आणि सदस्यांचा आपसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या पाच टक्क्यांच्या आसपासच घुटमळतो. बांगलादेशाची मुख्य निर्यात तयार कपड्यांची. तेच भारताच्या संवेदनशील, म्हणजे शुल्कसवलत न मिळणाऱ्या, मालाच्या यादीत वर्षानुवर्षे अडकले होते. इथे पाकिस्तानचा संबंध नव्हता. २०११ मध्ये भारताने सार्कमधील अल्पविकसित देशांसाठी, पंचवीस वस्तू सोडून, ही यादी रद्द केली. दशक सरायच्या आत बांगलादेशाची भारताला होणारी निर्यात वर्षाला एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: सवलती देऊनही शेजारी चीनकडेच वळतात. इंद्रकुमार गुजराल यांनी १९९६ मध्ये परराष्ट्रमंत्री असताना लहान शेजाऱ्यांकडून परतफेडीची अपेक्षा न ठेवण्याचे धोरण मांडले, तेव्हाही ते भाबडे ठरवले गेले. पण त्याच वर्षी गंगेच्या पाण्याचा तीस वर्षांचा करार झाला, आणि २००० मध्ये लागू झालेल्या श्रीलंकेबरोबरच्या व्यापार करारात कोलंबोला शुल्क कमी करण्यासाठी भारतापेक्षा बरीच जास्त वर्षे मिळाली. दोन्ही टिकले. याउलट २०१५ मध्ये नेपाळच्या नव्या राज्यघटनेवरून तिथे मधेशी आंदोलन पेटले आणि नेपाळकडे जाणारे इंधन सीमेवर महिनोन्महिने अडले. अडवणूक आंदोलकांची, आपली नाही, असे दिल्लीने सांगितले. काठमांडूत ते फारसे कुणाला पटले नाही. पुढच्या मार्चमध्ये पंतप्रधान ओली यांनी बीजिंगला जाऊन मालवाहतुकीचा करार केला. शेजारी चीनकडे जातो याची कारणे अनेक असतील (बंदरे आणि कर्जे हा मोठा भाग आहेच), तरी एकाच दारावर विसंबण्याची धास्ती त्यांत आहे आणि ती घालवणे भारताच्या हातात आहे.

लहानांची भीती भारताने दार उघडले म्हणून लगेच जात नाही, हेही खरे. पाकिस्तानला वगळून भारत, बांगलादेश, भूतान व नेपाळ यांनी २०१५ मध्ये वाहतूक करार केला; परक्या ट्रकांच्या गर्दीच्या धास्तीने भूतानच्या संसदेने त्याला मंजुरी दिली नाही. विजेचे तसे झाले नाही. सीमेपलीकडच्या वीजव्यापाराचे २०१६ चे जाचक नियम भारताने २०१८ मध्ये सैल केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारतीय तारांवरून प्रथमच बांगलादेशात पोहोचली. त्यासाठी सार्कची परिषद भरवावी लागली नाही. गंगा कराराची मुदत डिसेंबर २०२६ मध्ये संपते.