कीटकनाशक-प्रयोक्त्यांचे वर्ग व परवाने

पिके, धान्यसाठे, इमारती व लोकवस्ती यांना उपद्रव देणारे कीटक, कवके, तणे व कृंतक प्राणी यांच्या नाशासाठी विषारी रसायने प्रत्यक्ष वापरणाऱ्या व्यक्तीस कीटकनाशक-प्रयोक्ता म्हणतात. अशा व्यक्तीची पात्रता तपासून तिला विशिष्ट प्रकारचे काम करण्याची अनुमती देणे, हा प्रयोक्त्यांच्या वर्गीकरणाचा हेतू होय. या नियमनाचे दोन मार्ग आहेत : एकात विषाची प्रतवारी करतात, तर दुसऱ्यात विष हाताळणाऱ्याची. भारतीय कायद्यात पहिला मार्ग सविस्तर आखलेला आहे. दुसरा मात्र काही कामांपुरताच मर्यादित राहिला आहे.

पूर्वेतिहास : डीडीटीचे कीटकनाशक गुणधर्म पाउल म्यूलर यांनी 1939 मध्ये शोधून काढले. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस हे द्रव्य भारतात आले. त्या वेळच्या मुंबई प्रांतात डॉ. डी. के. विश्वनाथन यांच्या मार्गदर्शनाखाली कानडा व धारवाड जिल्ह्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारून हिवतापास आळा घालण्याचे मोठे प्रयोग झाले. 1953 मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यातील फवारणी-कामगारांना ठराविक पद्धतीचे शिक्षण दिले जाई, त्यांच्यावर पर्यवेक्षक असे आणि कोणते घर केव्हा फवारले याची नोंद ठेवली जाई. शेतीत मात्र अशी कोणतीही व्यवस्था उभी राहिली नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे विष ‘औषध’ ठरले आणि बोलीभाषेत तेच नाव रूढ झाले.

1958 च्या एप्रिल-मे महिन्यांत केरळ व मद्रास राज्यांत पॅराथिऑन (व्यापारी नाव फॉलिडॉल) या विषाने दूषित झालेले अन्न खाऊन शंभराहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. गव्हाचे पीठ व हे कीटकनाशक यांची एकाच जहाजातून वाहतूक झाली होती. या प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती जे. सी. शाह यांचा आयोग नेमण्यात आला. त्याच्या शिफारशींतून पुढे 2 सप्टेंबर 1968 रोजी कीटकनाशक अधिनियम संमत झाला. त्याखालील नियम 1971 मध्ये तयार करण्यात आले व त्याच वर्षी कायद्याची अंमलबजावणी सुरू झाली. कायद्याचे मूळ वाहतुकीतील अपघातात असल्यामुळे उत्पादन, साठवण, वेष्टन व विक्री यांवर त्याचा भर राहिला.

विषाची प्रतवारी : नोंदणी समितीने नोंदलेले कीटकनाशकच भारतात विकता येते. प्रयोगातील निम्मे प्राणी ज्या मात्रेने मरतात, त्या मात्रेवरून विषाचे चार गट पाडलेले आहेत. तोंडावाटे दिलेली ही मात्रा प्राण्याच्या शरीराच्या दर किलोग्रॅम वजनास 1 ते 50 मिग्रॅ. असल्यास डब्यावरील चौकटीचा खालचा त्रिकोण लाल असतो. 51 ते 500 मिग्रॅ. असल्यास पिवळा, 501 ते 5,000 मिग्रॅ. असल्यास निळा आणि त्याहून अधिक असल्यास हिरवा असतो. त्वचेवाटे होणाऱ्या विषबाधेसाठी वेगळ्या मर्यादा आहेत. लाल गटाच्या वेष्टनावर कवटी व हाडांचे चिन्हही असते. निरक्षर माणसालाही धोका कळावा, हा या रंगांचा उद्देश आहे. तथापि डब्यातील विष पंपाच्या टाकीत ओतल्यावर हा रंग फवारणाऱ्या मजुराच्या नजरेआड होतो.

परवानाधारक प्रयोक्ते : अधिनियमाच्या तेराव्या कलमानुसार व्यापारी तत्त्वावर कीड-नियंत्रणाचे काम करणाऱ्यास परवाना घ्यावा लागतो. त्यासाठी अर्जदार कृषी विषयाचा अथवा रसायनशास्त्रासह विज्ञान विषयाचा पदवीधर असावा लागतो आणि त्याने मान्य संस्थेत किमान 15 दिवसांचे प्रशिक्षण घेतलेले असावे लागते. म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रविज्ञान संशोधन संस्था, हापूर येथील धान्य साठवण संस्था व हैदराबाद येथील वनस्पती संरक्षण प्रशिक्षण संस्था या अशा संस्था होत. यांपैकी हैदराबादची संस्था 2008 पासून राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था या नावाने ओळखली जाते. ॲल्युमिनियम फॉस्फाइड, मिथिल ब्रोमाइड यांसारख्या विषारी वायू देणाऱ्या धुरीद्रव्यांसाठी केंद्राच्या वनस्पती संरक्षण सल्लागाराची मान्यताही आवश्यक असते. अशा रीतीने भारतात साधा कीड-नियंत्रक व धुरी देणारा असे दोन वर्ग व्यवहारात निर्माण झाले आहेत.

कामगारांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनसाधने, उतारे व प्रशिक्षण यांसंबंधीही 1971 च्या नियमांत तरतुदी आहेत. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषांमुळे रक्तातील कोलीनएस्टरेज या एंझाइमाची क्रिया मंदावते. म्हणून ती विषे हाताळणाऱ्यांच्या बाबतीत त्याचे प्रमाण मोजणे आवश्यक मानलेले आहे.

अमेरिकेतील वर्गीकरण : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत 1947 च्या कीटकनाशक कायद्यात 1972 मध्ये मोठी दुरुस्ती झाली व ‘निर्बंधित वापराची’ कीटकनाशके हा गट निर्माण करण्यात आला. ही द्रव्ये प्रमाणपत्रधारकाने किंवा त्याच्या देखरेखीखालीच वापरावी लागतात. 1974 च्या नियमांनी प्रयोक्त्यांचे दोन प्रमुख प्रकार ठरविले : स्वतःच्या शेतीत वापर करणारा खाजगी व इतरांसाठी काम करणारा व्यावसायिक. व्यावसायिकांचे शेती, वने, शोभिवंत झाडे व हिरवळ, बीजप्रक्रिया, जलाशय, रस्ते व लोहमार्गांच्या कडा, इमारती व उद्योग, सार्वजनिक आरोग्य, शासकीय नियमन, प्रात्यक्षिक व संशोधन असे दहा वर्ग करण्यात आले. 2017 च्या सुधारित नियमांनी धुरीकरण व हवाई फवारणी यांसाठी आणखी वर्ग निर्माण केले आणि किमान वय 18 वर्षे ठरविले. या पद्धतीत स्वतःची जमीन कसणाराही प्रमाणपत्रातून सुटत नाही, हा भारतीय पद्धतीहून महत्त्वाचा भेद होय.

महाराष्ट्रातील स्थिती : भारतीय अधिनियमाच्या अडतिसाव्या कलमाने घरगुती वापर, परसबाग व स्वतः कसत असलेली जमीन यांसाठी केलेला वापर कायद्याच्या कक्षेतून वगळला आहे. लहान शेतकऱ्यास परवान्याचा जाच होऊ नये, हा या सवलतीचा लाभ. पण तिच्यामुळे सर्वाधिक संख्येने असलेला प्रयोक्ता पात्रतेच्या कसोटीबाहेर राहिला. सातारा जिल्ह्याच्या उत्तर टोकास, खंबाटकी घाट व नीरा नदी यांच्या दरम्यान वसलेल्या खंडाळा तालुक्यात हा भेद सहज लक्षात येतो. शिरवळच्या औद्योगिक भागातील गोदामात व्यापारी तत्त्वावर कीड-नियंत्रण करणाऱ्यास पदवी, प्रशिक्षण व परवाना लागतो. लोणंदच्या बाजारात येणारा कांदा ज्या शेतात पिकतो, तेथे पाठीवर पंप घेऊन फवारणाऱ्या मजुरास यांपैकी काहीच लागत नाही.

सांगली जिल्ह्यातील द्राक्षबागांत बाह्य बाजारपेठेच्या मागणीमुळे निराळी शिस्त आली. 2010 मध्ये यूरोपात पाठविलेल्या भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अवशेष आढळल्याने निर्यात अडचणीत आली. निर्यातक्षम बागांची नोंदणी, फवारण्यांच्या नोंदी व अवशेषांची तपासणी यांचा काटेकोर अवलंब होऊ लागला. तथापि ही तपासणी फळाची असते. फवारणाऱ्याच्या ज्ञानाची किंवा प्रकृतीची नसते.

या उणिवेची किंमत 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यास मोजावी लागली. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेकडो शेतकरी व शेतमजुरांना रुग्णालयांत दाखल करावे लागले आणि 20 हून अधिक जण दगावले. त्या वर्षी कपाशी बरीच उंच वाढली होती. त्यामुळे फवारा तोंडाच्या पातळीवर येत होता. शासनाने अमरावतीच्या विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली विशेष तपास पथक नेमले व मोनोक्रोटोफॉससह पाच कीटकनाशकांच्या विक्रीवर काही भागांत तात्पुरती बंदी घातली.

अलीकडील प्रयत्न : विक्रेता हाच बहुतेक शेतकऱ्यांचा सल्लागार असल्याने त्याच्या शिक्षणाकडे प्रथम लक्ष देण्यात आले. हैदराबादच्या ‘मॅनेज’ या संस्थेने 2003 मध्ये निविष्ठा विक्रेत्यांसाठी एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. पुढे नियमांत दुरुस्ती होऊन विक्रेत्यास शैक्षणिक पात्रतेची अट लागू झाली. 2020 मध्ये नवे कीटकनाशक व्यवस्थापन विधेयक राज्यसभेत मांडण्यात आले व नंतर ते स्थायी समितीकडे सोपविण्यात आले. 2021 मध्ये ड्रोनविषयक नियम व ड्रोनने करावयाच्या फवारणीची कार्यपद्धती जाहीर झाली. शेतीसाठी वापरल्या जाणाऱ्या ड्रोनच्या चालकास प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्यामुळे विषापासून दूर उभा राहून यंत्र चालविणारा प्रयोक्ता प्रमाणित झाला. विषाच्या फवाऱ्यातून चालत जाणारा मात्र अद्याप वर्गीकरणाबाहेर आहे. प्रयोक्त्यांच्या प्रमाणनाचा विचार महाराष्ट्रात पुढे न्यावयाचा झाल्यास त्याचा आरंभ याच माणसापासून करावा लागेल.