फोटोखालची ओळ

आज ३१ ऑगस्ट. विमुक्त दिन. १९५२ साली याच तारखेला गुन्हेगार जमाती कायदा रद्द झाला आणि लाखो माणसांवरचा 'जन्मजात गुन्हेगार' हा शिक्का निदान कागदावर तरी पुसला गेला. भाषणं आज बरीच होतील. मला मात्र फोटोंबद्दल लिहायचंय. पोस्ट जरा लांबेल, सवडीने वाचा.

१८५७ च्या आधी-नंतर व्हाइसरॉय कॅनिंग आणि त्यांच्या पत्नीला हौस होती. हिंदुस्थानातल्या तऱ्हेतऱ्हेच्या लोकांचे फोटो जमवायचे. ठिकठिकाणचे अधिकारी फोटो काढून पाठवू लागले. उठावाने हादरलेल्या सरकारला यात वेगळाच उपयोग दिसला आणि हौसेचं सरकारी काम झालं. १८६८ ते १८७५ या काळात लंडनहून 'द पीपल ऑफ इंडिया' नावाचे आठ खंड निघाले. संपादक जॉन फोर्ब्ज वॉटसन आणि जॉन विल्यम के. एकूण ४६८ फोटो, सोबत मजकूर. ही जमात इमानी, ती चोरटी, तिसरी आळशी. भिल्ल आहेत, बंजारा आहेत. बहुतेक फोटोंखाली जातीचं नाव आहे, माणसाचं नाही.

आता तारखा बघा. हे खंड छापले जात होते तेव्हाच, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा आला. एकातून दुसरं जन्मलं असं मी म्हणणार नाही, पण डोकं एकच होतं. माणूस म्हणजे त्याच्या जातीचा नमुना. एक पाहिला की सगळे कळले.

आपली मुंबईही मागे नव्हती. विल्यम जॉन्सन नावाच्या फोटोग्राफरने १८६३ ते १८६६ दरम्यान मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड काढले. त्यात गंमत अशी, की माणसांचे फोटो स्टुडिओत काढायचे आणि मागे भलत्याच जागेचा फोटो जोडायचा. म्हणजे फोटोशॉप आपल्याला वाटतं तितकं नवं नाही.

काळा-पांढरा फोटो खरं बोलतो, असं आपल्याकडे फार म्हणतात. त्या काळची काच ओल्या रसायनाची. ती लावायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि लगेच तंबूतल्या अंधारात धुवायची. समोरच्याने काही सेकंद हलायचं नाही. म्हणून ते चेहरे असे ताठ, घाबरल्यासारखे. शिवाय त्या रसायनाला निळा प्रकाश चटकन कळायचा, तांबूस-तपकिरी रंग नीट कळायचाच नाही. त्यामुळे सावळी कातडी होती त्याहून काळी उमटायची. त्या चेहऱ्यांवरून 'रानटी' ठरवणाऱ्यांना याची कल्पना असेल-नसेल, पण निकाल लागून गेला.

१८६९ मध्ये सर सय्यद अहमद खान मुलांसह लंडनला गेले होते. इंडिया ऑफिसात त्यांनी हे पुस्तक पाहिलं. मुलगा सय्यद महमूद ते चाळत असताना एका तरुण इंग्रजाने विचारलं, तुम्ही हिंदुस्थानीच ना? महमूद लाजला. हो म्हणाला आणि लगेच पुस्ती जोडली, की आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज दुसऱ्या देशातून आले. सर सय्यदांनीच हे लिहून ठेवलंय. मला हा प्रसंग फार बोलका वाटतो. अपमान सगळ्यांचा झाला होता, पण ज्याला बाजूला होता येत होतं तो झाला. फोटोतले भिल्ल-बंजारा फोटोतच राहिले.

कायदा गेला. फोटो काढायची रीत गेली का? मी जिल्हा पेपरात लागलो २००४ मध्ये, तेव्हा आतली पानं काळी-पांढरीच असायची. 'टोळी जेरबंद'चा फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. पुढे उकिडवे बसलेले आरोपी, तोंडावर काळं फडकं, मागे रुबाबात उभे साहेब. खाली साहेबांची नावं हुद्द्यासकट, डावीकडून. आरोपींचं काय, तर जमातीचं नाव, तेही मथळ्यात. कोर्टात पुढे सुटले तर ती बातमी बहुधा येतच नाही. कार्यक्रमाच्या फोटोतही तेच: सर्व मान्यवरांची नावं आणि शेवटी 'लाभार्थी महिला'.

अमेरिकेतही असंच झालंय. १९३६ साली डोरोथिया लँग यांनी कॅलिफोर्नियात मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. जगभर गाजला, पण नाव विचारलं नव्हतं. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे त्या बाईंचं नाव जगाला कळलं १९७८ मध्ये, ४२ वर्षांनी. त्या मूळच्या चेरोकी आदिवासी होत्या, हेही तेव्हाच कळलं. त्या फोटोचे पैसे त्यांना कधी मिळाले नाहीत.

मग असे फोटो काढूच नयेत का? तसं मला वाटत नाही. आपल्या अकोल्याचे सुधारक ओलवे यांचं काम पाहा. पेपरात फोटोग्राफर असताना त्यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे काळे-पांढरे फोटो वर्षानुवर्षं काढले. गटारात उतरलेली माणसं, कचऱ्याच्या गाडीवरची माणसं, आणि त्यांची घरंही. पुढे त्याचं पुस्तक झालं, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. ते फोटो बघताना नाक दाबावंसं वाटतं, पण त्या माणसांची कीव येत नाही. येते ती स्वतःची लाज. एकदा जाऊन फोटो काढून निघून येणाऱ्याला हे जमत नाही, परत परत जावं लागतं.

पी. साईनाथ यांच्या 'पारी' संकेतस्थळावर देशातल्या प्रत्येक जिल्ह्यातले चेहरे जमवायचं काम चालू आहे. प्रत्येक फोटोसोबत नाव, काम, गाव. एवढंच. कॅनिंगच्या काळातही एवढं लिहायला शाई होतीच.

आता एक विनंती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये, तारेच्या कुंपणात, हजेरी देत ज्यांचे आजी-आजोबा राहिले त्यांच्या घरांत एखादा जुना फोटो असेलच. लग्नातला, गिरणीच्या पासवरचा, कसलाही. घरातली म्हातारी माणसं आहेत तोवर त्यांना विचारून फोटोच्या मागे पेन्सिलने नावं लिहून ठेवा. पेनाने नको, शाई पुढच्या बाजूला उमटते. आणि चालणार असेल तर मला इनबॉक्समध्ये कळवा, मी येऊन बघतो.