हूश्येन

हूश्येन : चीनच्या शेन्सी प्रांतातील, शेतकऱ्यांनी काढलेल्या चित्रांसाठी प्रसिद्ध असलेला परगणा. प्रांताची राजधानी शीआन. तिच्या नैर्ऋत्येस सुमारे ४० किमी.वर, दक्षिणेला छिनलिंग पर्वताची भिंत आणि उत्तरेला वेइ नदी यांच्यामध्ये हा गव्हा-मक्याचा सपाट मुलूख पसरला आहे. २०१७ पासून तो शीआन महानगराचा ‘हूयी’ नावाचा विभाग आहे; चित्रांच्या बाजारात मात्र जुनेच नाव चालते. चित्रांसाठी येणारा प्रवासी मुख्यतः तीन ठिकाणी जातो : परगण्याच्या मुख्य गावातील प्रदर्शनगृह, त्याच्या जवळचे डोंगहान हे चित्रकारांचे गाव आणि अलीकडच्या काळात डोंगरपायथ्याचे त्साइज्यापो.

नावाची कथा छोटी, पण सांगण्याजोगी आहे. परगण्याचे मूळ चिनी अक्षर लिहायला किचकट होते. १९६४ मध्ये सरकारने अवघड स्थलनामे सोपी केली, तेव्हा त्याच उच्चाराचे एक चार रेघांचे अक्षर त्याच्या जागी आले. त्या अक्षराचा अर्थ दार, घर, कुटुंब. चिनी नागरिकाच्या ‘हूखौ’ या कुटुंबनोंदीतले पहिले अक्षरही तेच. शेतकरी कोण आणि शहरी कोण हे ज्या नोंदीने दशकानुदशके ठरवले, तिचा कायदा जानेवारी १९५८ मधला. आणि हूश्येनची शेतकरी-चित्रेही १९५८ चीच. हा योगायोगच आहे, पण या चित्रांकडे पाहताना तो विसरू नये. चिनी भाषेत यांना ‘नोंगमिनह्वा’ म्हणतात, म्हणजे ‘शेतकऱ्याचे चित्र’. यातला ‘शेतकरी’ हा शब्द धंद्यापेक्षा नोंदवहीतला अधिक आहे. दिवसभर नांगर धरणारा, दुकान चालवणारी आणि वर्षानुवर्षे फक्त चित्रेच काढणारी बाई, हे सगळे त्यात बसतात. १९५८ मध्ये उत्पादन झपाट्याने वाढवण्याच्या ‘महाझेप’ या सरकारी मोहिमेत सामूहिक शेतीच्या कम्यून स्थापन होत होत्या, हजारो माणसे बंधारे-तलावांच्या कामांवर होती. चित्रकार छन षहंग यांनी त्याच वर्षी गानयू येथील जलाशयाच्या कामावर मजुरांसाठी चित्रकलेचा वर्ग घेतला. हूश्येनच्या परंपरेचा आरंभ तिथून मोजतात.

मोहिमेचा जोर देशभर होता आणि शेतकरी-चित्रांत हूश्येन पहिले नव्हते. च्यांगसू प्रांतातील पीश्येन परगण्यात १९५५ मध्येच एका शेतकऱ्याने भिंतीवर एक चित्र काढले होते : वैरण चोरणाऱ्या गुराख्याविरुद्ध बैल फिर्याद करतो आहे. त्यात खरी बोच होती. १९५८ च्या चित्रांत तिची जागा फुगलेल्या पिकांनी घेतली. गाडीपेक्षा मोठी कोबी, हत्तीएवढी डुकरे, आभाळाला टेकणारी कणसे. पुढची तीन वर्षे, १९५९ ते १९६१, चीनने विसाव्या शतकातला सर्वांत भीषण दुष्काळ पाहिला. भिंतीवरचे कणीस आणि घरातली कणगी यांत इतके अंतर क्वचितच पडले असेल. दुष्काळानंतर चित्रांचा सूर बदलला. साठीच्या दशकात ‘तीन इतिहास’ काढण्याचे काम आले : गावाचा, घराण्याचा आणि कम्यूनचा, जुन्या जमीनदारीचे हाल आणि नंतरचा दिलासा चित्रमालिकेत मांडायचा. चित्रकारांना गोष्ट सांगण्याचा सराव झाला तो याच काळात.

पण शिकणाऱ्यांचे हात कोरे नव्हते. सरकारी लेखांत ‘निरक्षर शेतकऱ्याने एकाएकी कुंचला धरला’ असे चित्र रंगवले जाई. ते तितकेसे खरे नाही. वेइ नदीच्या या खोऱ्याला क्वानचुंग म्हणतात आणि इथल्या घरातच कला होती. नववर्षाला खिडकीच्या कागदावर लाल कागदाची कातरलेली नक्षी चिकटवायची. लहान मुलाच्या पायात वाघाच्या तोंडाचे भरतकाम केलेले जोडे. लग्नात, बारशाला, मर्तिकाला पिठाचे रंगीत आकार वाफवून मांडायचे. सणाला गावोगावची सोंगे निघायची. चामड्याच्या सावली-बाहुल्यांचे खेळ व्हायचे. कात्रीने कागद कापणाऱ्या बाईला एक गोष्ट आपोआप कळते : आकाराची कड स्वच्छ हवी, आणि जागा रिकामी सोडायची तर ती मुद्दाम सोडायची. पुढे शेतकरी-चित्रांत जी सपाट रंगांची भरगच्च रचना दिसते, तिचे मूळ या कात्रीत आहे. कित्येक चित्रकार या स्त्रियाच होत्या. ली फंगलान हे त्यांतले सर्वांत गाजलेले नाव. त्यांच्या ‘वसंतातील कोळपणी’ या चित्रात गव्हाच्या कोवळ्या रानात बायका रांगेने काम करतात; विषय कम्यूनचा, पण रांगेची लय भरतकामातली.

१९७० च्या दशकात हूश्येनचे नाव देशाबाहेर गेले. सांस्कृतिक क्रांतीत व्यावसायिक चित्रकारांवर संशय होता आणि ‘जनतेतून आलेली कला’ हवी होती. हूश्येन आयतेच हाती लागले. १९७३ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात या चित्रांचे प्रदर्शन भरले, मग ते देशातल्या मोठ्या शहरांतून फिरले. १९७४ मध्ये परदेशी वाचकांसाठी चित्रसंग्रह छापला गेला. १९७५ मध्ये पॅरिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात, त्यापाठोपाठ ब्रिटन आणि अमेरिकेतही चित्रे गेली. या काळातली दोन चित्रे जाणकार आजही सांगतात. ल्यू चदं यांच्या ‘वृद्ध सचिव’ या चित्रात कामाच्या विश्रांतीत एक म्हातारा पुस्तकात इतका बुडाला आहे की चिलीम तोंडात आणि काडी हातात तशीच राहिली आहे. तुंग चंगयी यांच्या ‘कम्यूनचे मत्स्यतळे’ या चित्रात जाळ्यातून उसळणाऱ्या माशांनी सगळा कागद भरला आहे. पहिले चित्र प्रचाराचे असूनही माणसाचे आहे. दुसऱ्यात माणसे नावापुरती. पाहणाऱ्याला मासेच आठवतात, आणि त्यात चित्रकाराची काही चूक नाही.

परदेशी पाहुण्यांच्या ठरलेल्या दौऱ्यांत हूश्येन येऊ लागले. १९७६ मध्ये मुख्य गावात खास प्रदर्शनगृह उभे राहिले. पाहुण्यांना शेतात काम करणारे आणि संध्याकाळी चित्र काढणारे शेतकरी दाखवले जात. आणि तेव्हा युरोपातल्या डाव्या विचारांच्या अनेकांना त्यांत कलेचे भविष्य दिसले. सांस्कृतिक क्रांती संपल्यावर मात्र पडद्यामागची बाजू पुढे आली. शीआनहून आलेले प्रशिक्षित चित्रकार विषय सुचवत, कच्चे आराखडे तपासत, चेहरे आणि हात सुधारून देत, एकेक चित्र अनेकदा बदलून घेत. अमेरिकन कलाइतिहासकार एलेन जॉन्स्टन लाइंग यांनी १९८४ च्या लेखात हौशी आणि व्यावसायिक यांची ही सरमिसळ उलगडून दाखवली. त्यावरून ही चित्रे ‘खोटी’ होती असा निकाल काही जण देतात. तो घाईचा आहे. खोटा होता तो एकट्याने, शिक्षकाशिवाय शिकल्याचा दावा. शिकवणे आणि शिकणे दोन्ही खरेच झाले होते, आणि शिकलेल्यांनी पुढे शिक्षकाला न विचारता बरेच केले.

हे ‘पुढे’ १९८० च्या दशकात घडले. शांघायजवळच्या चिनषान परगण्यात उशिरा सुरू झालेल्या शेतकरी-चित्रांनी भरतकाम, चुलीवरचे चित्रण आणि छापील कापड यांचा सरळ आधार घेतला होता. खोली, सावली, शरीररचना या शाळकरी गोष्टी तिथे सोडून दिल्या होत्या. हूश्येननेही तोच रस्ता धरला. घोषणा गेल्या, कम्यून गेल्या. त्यांच्या जागी लग्नाची पालखी, लाल कंदील, गाढव, कोंबडे, मक्याच्या माळा, अंगणातला दळण्याचा दगड, विटांच्या उबदार कट्ट्यावर बसलेली आजी आणि नातवंडे. १९८८ मध्ये संस्कृती मंत्रालयाने हूश्येनला ‘आधुनिक लोकचित्रांचे माहेर’ अशा अर्थाचा किताब दिला. ‘आधुनिक’ आणि ‘लोक’ हे शब्द शेजारी बसवून मंत्रालयाने वादच मिटवला म्हणायचा.

चित्र तयार होण्याची रीत साधी आहे. आधी पेन्सिलीने पातळ कागदावर आराखडा; तो पक्का झाला की जाड पांढऱ्या कागदावर उतरवायचा. मग पोस्टर रंग, सपाट, एकेक करून. फिका आधी, गडद नंतर. शेवटी बारीक कुंचल्याने पाने, कपड्यांवरची फुले, कोंबड्याची पिसे. प्रकाश कुठून येतो हा प्रश्नच नसतो. पडवी समोरून, अंगण वरून आणि माणूस बाजूने, सगळे एकाच कागदावर. जे झाकले जायला हवे तेही दाखवायचे, कारण ते तिथे आहे हे काढणाऱ्याला ठाऊक आहे. लाल रंग कधी कमी पडत नाही. एकदा आराखडा जमला की तो पुन:पुन्हा काढला जातो. गाजलेली रचना मागणीप्रमाणे अनेकदा रंगते, घरातली माणसे रंग भरायला हातभार लावतात. शहरी संग्राहक यावर नाक मुरडतो. पण कागद कातरणारी बाई तीच नक्षी दर वर्षी कातरते आणि तिला कोणी नकलाकार म्हणत नाही. इथला चित्रकारही त्याच हिशेबाने चालतो. अडचण येते ती त्याच रचनेच्या छापील प्रती हाताने काढलेल्या चित्रांशेजारी टांगल्या जातात तेव्हा.

डोंगहान हे या परंपरेचे आजचे दुकान आणि घर दोन्ही आहे. एकसारख्या दुमजली घरांच्या सरळ रांगा, रस्त्याकडच्या भिंतींवर रंगवलेली चित्रे. काही घरांत खाली चित्रदालन, मागे स्वयंपाकघर आणि वर पाहुण्यांच्या खोल्या. प्रवाशाने बसायचे, जेवायचे, वाटल्यास पोरांना कुंचला द्यायचा आणि जाताना चित्र घ्यायचे, अशी व्यवस्था. जुने मातीचे खेडे पाहायच्या आशेने येणाऱ्याची निराशा होते. ते खेडे आता चित्रांतच उरले आहे. भिंतीवरच्या चित्रात गाढव जाते फिरवते आहे आणि खाली मोटार उभी आहे, हे दृश्य इथे कोणाला विनोदी वाटत नाही. २०१३ च्या सुमारास चीनभर लागलेल्या ‘चिनी स्वप्न’ मोहिमेच्या फलकांवर हूश्येनची शेतकरी-चित्रे सरकारने पुन्हा वापरली. म्हणजे आधी सरकार, मग पर्यटक, मग दोघे मिळून, असा या कलेच्या गिऱ्हाइकांचा क्रम आहे.

शीआनचे कलावंत गावात येण्याची जुनी गोष्ट याच परगण्यात दुसऱ्या अंगाने पुन्हा घडते आहे. त्साइज्यापो हे छिनलिंगच्या पायथ्याचे गाव. २०१८ पासून शीआन ललितकला अकादमीतील कलावंत-शिक्षक वू श्याओछ्वान आणि त्यांचे सहकारी तिथे ‘मांगबा’ कलामहोत्सव भरवतात. ‘मांगबा’ म्हणजे ‘घाई संपली’. क्वानचुंगमध्ये गहू कापून, मळून झाला की नातेवाइकांकडे जाण्या-येण्याचा, नाटक पाहण्याचा हा जुना दिवस; सुगीनंतरची उसंत म्हटले की मराठी माणसाला नीट कळेल. महोत्सवात गव्हाच्या रानात शिल्पे उभी राहतात, भिंती रंगतात, उघड्यावरच्या रंगमंचावर छिनलिंगच्या डोंगरांसमोर प्रयोग होतात. डोंगहानमध्ये गावकरी चित्र काढतो आणि शहरी पाहतो. त्साइज्यापोत शहरी कला करतो आणि गावकऱ्याने त्यात यावे अशी त्याची इच्छा असते. दोन्हींतले कोणते अधिक प्रामाणिक हे ठरवण्याआधी तिथल्या गावकऱ्यांच्या खानावळी आणि पाहुण्यांच्या खोल्या किती चालतात ते पाहावे. गावाने महोत्सवाकडून घेतलेली सर्वांत टिकाऊ गोष्ट बहुधा हीच ठरेल.

भारतीय प्रवाशासाठी परगण्यात आणखी एक ठिकाण आहे. कुमारजीव हा बौद्ध भिक्षू ४०१ मध्ये छांगआनला, म्हणजे आजच्या शीआनला आला आणि त्याने संस्कृत ग्रंथांची चिनी भाषांतरे करवली. परंपरेनुसार त्याचा पिता भारतीय, आई कूचाची राजकन्या. त्याच्या नावाशी निगडित छाओतांग मंदिर, म्हणजे ‘गवती छपराचे मंदिर’, हूश्येनमध्येच आहे. तिथे रंगीत दगडांचा त्याचा स्तूप दाखवतात. चित्रांसाठी आलेला प्रवासी इथे वेळ काढत नाही, हे त्याचे नुकसान.

जाणे सोपे आहे. शीआन–छंगतू जलदगती लोहमार्ग डिसेंबर २०१७ मध्ये सुरू झाला. त्यावर हूयी स्थानक आहे. शीआनहून बसही मिळते. जेवणात छिनचन गावची तांदळाची थंड पातळ पट्टी, लाल तिखट तेलात घोळलेली, चुकवू नये; हूश्येनचे आंबट रश्शात बुडवून खायचे लांब शेवयांचे ताटही प्रसिद्ध आहे. शरद ऋतूत गेल्यास इथली ‘हूथाय क्रमांक ८’ जातीची काळी द्राक्षे मिळतात. गव्हाची कापणी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात असते. चित्र विकत घेताना आराखडा कोणाचा आणि रंग कोणाचे, हे दोन वेगळे प्रश्न विचारावेत. आणि कागदावर बोट फिरवून पोस्टर रंगाचा खरखरीत थर हाताला लागतो का, ते पाहावे. छापील प्रत गुळगुळीत असते.