घड्याळ आणि विसावा

धांवणें मनुष्यास कोणी शिकवावें लागत नाहीं. मूल चालूं लागलें न लागलें तोंच धांवूं पाहतें. त्यामुळें धांवण्याचेंही एक शास्त्र आहे, ही गोष्ट आपणांस सहसा पटत नाहीं. ज्याच्या पायांत वेग तो जिंकेल, यांत शिकावयाचें तें काय, असें कोणीही म्हणेल. ही समजूत कितपत खरी, हें पाहावयाचें असेल तर १९२० सालच्या अँटवर्प येथील ऑलिंपिक सामन्यांकडे वळलें पाहिजे.

त्या सामन्यांस हिंदुस्थानचे जे खेळाडू गेले, त्यांच्या जाण्याचें मूळ पुण्यांत आहे. डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष असतां सर दोराबजी टाटा यांनीं १९१९ च्या सुमारास तेथील शर्यती पाहिल्या. धांवणारे बहुतेक शेतकऱ्यांचे मुलगे. पाय अनवाणी, अन्न साधें, आणि शास्त्रशुद्ध तालमीचें नांवही त्यांस ठाऊक नव्हतें. तरीही त्यांस लागलेला वेळ युरोपांतील धांवपटूंच्या वेळेशीं ताडून पाहण्याजोगा आहे, हें टाटांच्या ध्यानीं आलें. त्यांच्या पुढाकारानें व साहाय्यानें निवडक खेळाडू परदेशीं निघाले आणि इंग्लंडांत कांहीं आठवडे तालीम घेऊन अँटवर्पला पोंचले. त्यांपैकीं बेळगांवचे फडेप्पा चौगुले मॅराथॉन शर्यतींत २ तास ५० मिनिटें ४५ सेकंदांत धांवून एकोणिसावे आले. पहिला आलेला फिनलंडचा कोलेहमायनेन त्यांच्या सुमारें १८ मिनिटें आधीं पोंचला होता. जगांतील निवडक धांवपटूंत एकोणिसावें येणें ही खालीं मान घालावयाची गोष्ट खचित नव्हे. पण तीं अठरा मिनिटें कशाचीं, हा प्रश्न उरतोच.

त्याच सामन्यांत फिनलंडचाच पावो नुर्मी हा तेवीस वर्षांचा तरुण तीन सुवर्णपदकें मिळवून गेला. तोही श्रीमंताघरचा नव्हता. बारा वर्षांचा असतां बाप वारला आणि शाळा सोडून त्यास ओझ्याच्या हातगाड्या ढकलाव्या लागल्या. पुढें त्याची ओळख झाली ती हातांतील घड्याळामुळें. प्रतिस्पर्धी कोठें आहे याची तो फारशी पर्वा करीत नसे. फेरी ठरल्या वेळेंत झाली कीं नाहीं, एवढेंच पाही. १० जुलै १९२४ रोजीं पॅरिस येथें १५०० व ५००० मीटरांच्या दोन शर्यती, मध्यें तासभराचीही उसंत नसतां, त्यानें जिंकल्या. पहिल्या शर्यतीच्या शेवटच्या फेरीपूर्वीं त्यानें घड्याळ हिरवळीवर टाकून दिलें. त्याचें काम झालें होतें.

नुर्मीनें श्रम मोजले. विसावा मोजावयाचा राहिला होता. आमच्या तालमींतला पहिलवान जोर-बैठकांची संख्या मोजतो. दोन खेपांमधला विसावा मोजण्याचें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तें काम जर्मनींतील शिक्षक गेर्शलर व हृदयाचे वैद्य राइंडेल यांनीं केलें. थोडें अंतर वेगानें धांवून नाडीचे ठोके मिनिटाला १८० पर्यंत न्यावयाचे, आणि ते १२० वर उतरले कीं पुन्हां निघावयाचें. दीड मिनिटांत ते उतरले नाहींत, तर श्रम झेपण्यापलीकडचे झाले असें समजावयाचें. हृदय बळकट होतें तें या विसाव्यांत, असें त्यांचें मत होतें. गेर्शलरचा शिष्य हार्बिग १९३९ सालीं मिलान येथें ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धांवला. तो विक्रम सोळा वर्षें अबाधित राहिला. त्याचा धनी मात्र १९४४ सालीं रणांगणावर पडला.

चेकोस्लोव्हाकियांतील एमिल झाटोपेक हा बुटांच्या कारखान्यांतला कामगार. त्यानें हीच वाट स्वतःच्या अंगावर चाचपून काढली. ४०० मीटर वेगानें धांवावयाचें, मग थोडें सावकाश, पुन्हां ४०० मीटर. असें एकाच दिवशीं साठ वेळां, पुढें शंभर वेळांही. जड लष्करी बूट घालूनही तो हा सराव करी. धांवतांना त्याचें तोंड वेडेंवांकडें होई. १९५२ सालीं हेलसिंकी येथें त्यानें ५००० व १०००० मीटरांच्या शर्यती जिंकल्या, आणि जन्मांत कधीं न धांवलेली मॅराथॉनही जिंकली.

आतां त्या अठरा मिनिटांकडे परत येऊं. तीं सर्व तालमीच्या अभावाचींच होतीं, असें कोणास सिद्ध करतां येणार नाहीं. परंतु नुर्मी आणि झाटोपेक यांच्या मागें वर्षानुवर्षांचे मोजलेले श्रम होते, आणि चौगुल्यांच्या वांट्यास शिक्षकाची देखरेख आली ती कांहीं आठवड्यांचीच, हें विसरतां येत नाहीं. आजही महाराष्ट्रांतील खेड्यांच्या रस्त्यांवर पहांटेच्या अंधारांत भरतीसाठीं धांवणारीं मुलें दिसतात. दम तुटेपर्यंत धांवणें म्हणजेच मेहनत, अशी त्यांतील कित्येकांची समजूत असते. पाय त्यांचे आहेत, जिद्दही त्यांचीच आहे. हातांत घड्याळ घेऊन "आतां थांब" असें वेळेवर सांगणारा कोणी त्यांच्याजवळ उभा राहिला, तर टाटांनीं पुण्याच्या मैदानावर जें हेरलें होतें त्याचें चीज होईल.