दुर्मीळ कुणामुळे?

जुन्या चित्रपटांच्या संग्राहकांना दुर्मीळतेचे मोठे आकर्षण असते. प्रती जितक्या कमी तितके मोल अधिक. परंतु एखादी कृती दुर्मीळ का झाली, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. इतिहासाचा शिक्षक म्हणून मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो.

१९१३ साली न्यूयॉर्कच्या बायोग्राफ कंपनीत एका विनोदी प्रेमपटाचे चित्रण झाले. आज तो 'लाइम किल्न क्लब फील्ड डे' या नावाने ओळखला जातो. नायक बर्ट विल्यम्स, त्या काळचा विख्यात कृष्णवर्णीय विनोदी नट. नायिका ओडेसा वॉरन ग्रे. एका तरुणीसाठी झटणारे तीन पुरुष, मिरवणूक, नाच आणि शेवटी प्रियकर-प्रेयसीचे चुंबन. कृष्णवर्णीय माणसेही प्रेम करतात, हे इतक्या सहजपणे दाखवणारा हा चित्रपट पडद्यावर आलाच नाही. सात रिळे डब्यांत पडून राहिली. १९१५ साली मात्र कु क्लक्स क्लॅनचा गौरव करणारा 'द बर्थ ऑफ अ नेशन' गावोगाव गाजला. त्याचा दिग्दर्शक ग्रिफिथ हा बायोग्राफमध्येच घडलेला!

१९३९ साली आधुनिक कला संग्रहालयाच्या आयरिस बॅरी यांनी बायोग्राफच्या शेकडो निगेटिव्ह वाचवल्या. त्यांत ही रिळे होती. लोकांपुढे ती आली २०१४ साली, एकशे एक वर्षांनी.

त्यात बर्टच्या चेहऱ्याला काजळी फासलेली आहे. काळ्या माणसालाही गोऱ्यांनी ठरवलेले काळेपण चढवावे लागले, तेव्हाच त्याच्या विनोदाला मान्यता मिळाली. पण संकलन न झाल्याने दोन दृश्यांमधले क्षणही शिल्लक राहिले. तिथे सहकलावंत आपल्या खऱ्या चेहऱ्यांनी मोकळेपणी हसताना दिसतात. उपेक्षेनेच हा पुरावा राखला.

हसवणाऱ्यांचे हे प्राक्तन मला परके नाही. माझे आजोबा तमाशात सोंगाड्या होते. रात्रभर गाव त्यांच्यावर हसे आणि सकाळी त्यांना वरून पाणी वाढी. त्यांचा एकही फोटो नाही, वगाची वही नाही. ज्यांच्या हाती कपाटे होती, त्यांनी काय जपायचे ते ठरवले.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एवढेच सांगतो : घरातली जलशाची वही रद्दीत घालू नका. ती उद्या कुणा संग्राहकाच्या कपाटात दुर्मीळ म्हणून मिरवण्यापेक्षा आज आपल्या हाती वाचली जाऊ द्या.