एकच निवडणूक जिंकलेला पुढारी : ए. बी. बर्धन यांची जडणघडण

आज सानगडीत आपण ज्या माणसाबद्दल बोलणार आहोत, तो निवडणुकीच्या हिशेबात जवळजवळ नापासच म्हणावा लागेल. विधानसभेची एक निवडणूक जिंकली, लोकसभेला दोनदा उभा राहिला, दोन्ही वेळा पडला. तरी हाच माणूस पुढे भारतीय कम्युनिस्ट पक्षाचा सरचिटणीस झाला. हे कसं झालं, एवढाच प्रश्न आम्ही आज घेतला आहे.

अर्धेंदुभूषण बर्धन यांचा जन्म २४ सप्टेंबर १९२४ चा, आज बांगलादेशात असलेल्या मुलखातला. वडिलांची बदली झाली आणि पंधराव्या वर्षी हा बंगाली मुलगा नागपूरला आला. त्या वेळचं नागपूर डोळ्यांसमोर आणा. १९२० मध्ये काँग्रेसचं मोठं अधिवेशन इथंच झालेलं. १९२५ मध्ये राष्ट्रीय स्वयंसेवक संघ इथंच स्थापन झालेला. बाबासाहेबांच्या चळवळीचं बळ वाढत होतं. १९४२ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही नागपुरातच स्थापन झालं. आणि १८७७ पासून चालणाऱ्या एम्प्रेस मिलचा भोंगा होताच.

१९४० मध्ये बर्धन ऑल इंडिया स्टुडंट्स फेडरेशनमध्ये गेले आणि त्याच वर्षी कम्युनिस्ट पक्षातही. पक्षावर तेव्हा बंदी होती. ती उठली १९४२ मध्ये. म्हणजे पुढारीपणाची हाव धरून कुणी त्या वाटेला जाण्यासारखे ते दिवस नव्हते. १९४५ मध्ये ते नागपूर विद्यापीठाच्या विद्यार्थी संघाचे अध्यक्ष झाले. अर्थशास्त्रात एम. ए. केलं, कायद्याची पदवी घेतली. वकिली करून सुखात राहता आलं असतं. ते गेले कामगारांकडे : कापड गिरण्या, वीज, रेल्वे, संरक्षण कारखाने.

१९५७ मध्ये नागपुरातून अपक्ष म्हणून ते विधानसभेत पोचले. १९६७ आणि १९८० मध्ये लोकसभेला हरले. पण मतपेटीतला पराभव युनियनच्या कामाला लागू पडत नाही. निवडणूक पाच वर्षांनी येते. पगाराचा, बोनसचा, कामावरून काढलेल्या माणसाचा प्रश्न रोज सकाळी गेटवर उभा असतो. तिथं जो रोज भेटतो, त्याची किंमत कामगार वेगळ्या मापानं करतो. बर्धन वाढले ते या मापानं.

मग भंडाऱ्यात असं नेतृत्व का उभं राहिलं नाही? गिरणीचे हजारो कामगार एकाच गेटातून आत जातात. आपल्याकडची बिडी वळणारी बाई मात्र स्वतःच्या ओसरीवर बसते. पानं आणि तंबाखू ठेकेदाराकडून येतो. वळलेल्या बिड्यांतल्या किती खराब म्हणून बाजूला काढायच्या, तेही त्याच्याच हातात. तिला गेटच नाही, तर सभा घ्यायची कुठं? १९६६ मध्ये बिडी कामगारांसाठी केंद्राचा कायदा झाला, त्यात घरी काम करणाऱ्यांचाही विचार होता. पण विखुरलेल्या माणसांना कायदा वापरता येणं ही वेगळीच लढाई.

ग्रीसचे अलेक्सिस त्सिप्रास पाहा. तेही शाळकरी वयात कम्युनिस्ट युवक संघटनेत आले, शाळांच्या आंदोलनातून पुढे आले आणि २०१५ मध्ये चाळिसाव्या वर्षी पंतप्रधान झाले. सुरुवात सारखी, वेग मात्र किती निराळा! कर्जसंकटानं तिथले जुने पक्ष खिळखिळे केले आणि दार उघडलं. बर्धन यांच्यासाठी असं दार उघडलं नाही. आधी आयटक या कामगार संघटनेचे सरचिटणीसपद आणि मग १९९६ मध्ये, इंद्रजित गुप्त केंद्रात गृहमंत्री झाल्यावर, पक्षाचे सरचिटणीसपद. वय एकाहत्तर. २०१२ पर्यंत ते त्या पदावर होते. २ जानेवारी २०१६ रोजी दिल्लीत गेले.

२००४ मध्ये डाव्यांनी केंद्र सरकारला बाहेरून पाठिंबा दिला, २००८ मध्ये अणुकरारावरून काढून घेतला. मधल्या काळात, २००५ मध्ये, देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा झाला. त्यामागे डाव्यांचाही रेटा होता. तलाव-बोडीच्या कामावर जाणाऱ्यांना त्याचा अर्थ सांगायला नको.

एम्प्रेस मिल बंद पडली. गेट गेलं, रोज भेटण्याची जागा गेली. आता विखुरलेल्या कामगारांना एकत्र कुठं आणायचं, हा प्रश्न बिडीवाल्या बाईपुरता उरलेला नाही. चर्चेची सुरुवात आपण इथूनच करू.